मुळशी धरणाचं पाणी पुण्याला का येत नाही?

हिंजवडीचा पाहुणा
नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की आमच्या ऑफिसातली निम्मी जनता दर वीकेंडला ताम्हिणीत असते, त्यात मीही आलो. तर दरवेळी मुळशीचं ते अफाट पाणी बघून एकच प्रश्न पडतो. आमची सोसायटी हिंजवडीत, म्हणजे कागदोपत्री मुळशी तालुक्यातच, आणि मार्च उजाडला की गेटवर टँकरची रांग. तालुका तोच, वर धरण काठोकाठ, आणि आम्ही मेंटेनन्समधे टँकरचे पैसे भरतोय. थोडं शोधलं तर कळलं की हे धरण सरकारचं नाहीच, टाटा पॉवरचं आहे. नदीवर खाजगी धरण?? आणि पुण्याला देत नाहीत तर ते पाणी जातं कुठे? जाणकारांनी प्रकाश टाकावा ही विनंती.

ट्रान्सफॉर्मर
चांगला विषय काढलात. नोकरी विजेच्या खात्यात गेली त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सगळी गोम भूगोलात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस पूर्वेकडे वाहिला तर मुळा, मुळा-मुठा, भीमा, उजनी, पंढरपूर, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. आणि तोच माथा पश्चिमेकडून बघितला तर खाली सरळ कोकण, पाचेकशे मीटरचा कडा. टाटांनी काय केलं, तर पूर्वेला वाहणारी मुळा (निळा तिला तिथेच वर मिळते) बांध घालून अडवली, तलाव केला, आणि तलावाच्या मागच्या अंगानं डोंगरातून बोगदा काढून पाणी पश्चिमेला वळवलं. ते पाणी मोठ्या पोलादी पाइपांतून खाली भिऱ्याला येतं, रायगड जिल्ह्यात. इतक्या उंचीवरून आलेल्या पाण्याचा झोत पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतो, चाक फिरतं, जनित्र फिरतं, झाली वीज. भिऱ्याचं पॉवरहाऊस १९२७ चं. जुन्या पॉवरहाऊसची क्षमता १५० मेगावॅट, शिवाय नव्वदच्या दशकात १५० चा आणखी एक संच बसवला, तो उलटाही चालतो, म्हणजे रात्री वीज जास्त असली की खालचं पाणी परत वर चढवून ठेवतो.

आता गंमत बघा. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आलं की गळती-घट जाऊन साधारण एक युनिट वीज मिळते, थोडी जास्तच. तुमच्या गच्चीवरची एक काळी टाकी म्हणजे एक युनिट. तेच पाणी धरणाच्या भिंतीच्या पायथ्याशी पूर्वेला सोडलं तर उंची चाळीसेक मीटर, विजेच्या हिशेबात काहीच हाती लागत नाही. म्हणून नदी उलटी फिरवली.

पुराणिकबुवा
छान माहिती. एक भर घालतो. हे सगळं सुरू झालं लोणावळ्यापासून. कल्पना जमशेटजींची, डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या मुंबईतल्या आर्किटेक्टनं त्यांच्या डोक्यात ती भरवली म्हणतात. जमशेटजी १९०४ ला गेले, पुढचं त्यांचे चिरंजीव दोराबजींनी केलं. १९१० ला कंपनी, १९११ ला वळवण धरणाची कोनशिला, १९१५ ला खोपोलीचं वीजघर सुरू. मग आंध्रा नदीवर ठोकरवाडी धरण आणि त्याचं भिवपुरी, १९२२. तिसरं मुळशी-भिरा. मुंबईतल्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत, कोळसा यायचा पार बंगालहून, त्यामुळे घाटमाथ्यावरचा पाऊस हा गिरणीवाल्यांना फुकटचा कोळसाच वाटला असणार.

जय महाराष्ट्र ७७
आशियातलं पहिलं जलविद्युत केंद्र आपल्या महाराष्ट्रात!! अभिमान आहे!!

पुराणिकबुवा
@जय महाराष्ट्र, अभिमान जरूर बाळगा पण पहिलं नव्हे. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग १८९७ चं, म्हैसूर संस्थानात कावेरीवर शिवनसमुद्र १९०२ चं. खोपोलीचं वेगळेपण म्हणजे पाण्याची उंची नि एका अख्ख्या शहराच्या उद्योगाला वीज देणं. तेवढं पुरेसं आहे की.

मुळशीकर
सगळे जण मेगावॅट बोलतायत म्हणून लिहितोय. त्या पाण्याखाली आमचं गाव आहे.

धरणाच्या आधी हा भाग मुळशी पेटा म्हणायचे. नदीकाठची भातखाचरं, आंबेमोहर पिकवणारी, वास अर्ध्या शिवारात जायचा असं आजी सांगायची (तिला तिच्या सासूनं सांगितलेलं). वर डोंगरउताराला वरकस, नाचणी-वरई. १९२० च्या सुमारास कंपनीची माणसं येऊन शेतात खणायला लागली, भूसंपादनाचा १८९४ चा कायदा लावलेला, सार्वजनिक काम म्हणून. जमीन घेणार कंपनी, नफा कमवणार कंपनी, आणि काम सार्वजनिक. ५२ गावांचा आकडा सगळीकडे सांगतात, माणसं अकरा हजारांच्या आसपास.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. हजाराहून जास्त मावळे चालत धरणाच्या कामावर गेले आणि तिथेच बसले. काम बंद पडलं. घोषणा होती जान किंवा जमीन. कंपनीनं सहा महिने काम थांबवायचं कबूल केलं, लोकांना वाटलं जिंकलो. वर्षअखेरीला काम परत सुरू. मग दुसरी फेरी, त्यात बाया-माणसं सगळी तुरुंगात गेली. लढ्याचे पुढारी विनायकराव भुस्कुटे होते, आणि पांडुरंग महादेव बापट होते, त्यांना सेनापती ही पदवी याच लढ्यात मिळाली. पुण्याच्या लोकांना सेनापती बापट रोड म्हटलं की मॉल आठवतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि एक गोष्ट फार लोक सांगत नाहीत ती मी सांगतो. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. कुळ राबायचं, जमीन सावकाराची. सुरुवातीला सावकार मंडळी सत्याग्रहाच्या बाजूनं होती, मग मोबदल्याचे आकडे चांगले दिसायला लागल्यावर एकेक जण सरकला. त्यांना पैसे मिळाले की विषय संपत होता. आमचा संपत नव्हता, आम्हाला शेतच पायजे होतं. लढा बाहेरून मोडला त्याहून जास्त आतून मोडला असं माझं स्पष्ट मत आहे.

हिंजवडीचा पाहुणा
बापरे. यातलं काहीच माहीत नव्हतं. शाळेत सेनापती बापट म्हणजे हातात झाडू घेऊन रस्ता झाडणारे एवढंच शिकवलं.

गिरणगाव
बापटांबद्दल लिहावं तेवढं कमी आहे. पारनेरचा माणूस, एडिंबरोला इंजिनिअरिंगला गेलेला, तिथून पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवायचं शास्त्र शिकून आलेला. तो मुळशीत येऊन सत्याग्रह करतोय म्हणजे बघा. पण अहिंसेवर त्यांचा विश्वास कामापुरताच. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात मोजक्या साथीदारांना घेऊन धरणाच्या कामाची आगगाडी रुळावर दगड रचून अडवली, तीही हत्यारं घेऊन. सात वर्षं शिक्षा झाली, सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात होते. गांधीजींनी सुरुवातीला यंग इंडियात टाटांना उद्देशून लिहिलं होतं मावळ्यांच्या बाजूनं, पण नंतर हात आखडता घेतला, त्यामागे बापटांचा हा स्वभाव हेही एक कारण होतं.

आता मी जिथे वाढलो तिथली गोष्ट. लोअर परळला फिनिक्स मिल, कमला मिल हा सगळा पट्टा ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव सेनापती बापट मार्ग. मुंबईच्या ज्या गिरण्यांसाठी घाटावर ही धरणं बांधली, त्याच गिरण्यांच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याला धरणाविरुद्ध लढलेल्या माणसाचं नाव. ज्यानं कोणी हे ठरवलं त्याला कळत होतं का नुसता योगायोग, देव जाणे. आता तर गिरण्याही गेल्या, तिथे एसी मॉल आहेत आणि त्या एसीला वीज लागतेच.

पुराणिकबुवा
सत्याग्रहाला "जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन" म्हणतात त्यावर एक शंका. अमेरिकेत 'हेच हेची' नावाच्या खोऱ्यातल्या धरणाविरुद्ध जॉन म्यूर वगैरे मंडळी आधीपासून भांडत होती, त्या धरणाला परवानगी देणारा कायदा १९१३ ला मंजूर झाला. मग मुळशी पहिलं कसं?

मुळशीकर
बुवा, तिथे भांडण निसर्ग वाचवायचं होतं, भांडणारे शहरातले शिकलेले लोक. इथे स्वतःचं घर नि शेत बुडणारे शेतकरी स्वतः बसले होते. विस्थापितांचं पहिलं म्हणा हवं तर, आमची काही हरकत नाही.

पुराणिकबुवा
मान्य. असं म्हटलं तर माझा आक्षेप नाही.

कुंडलिकाकाठ
इतका वेळ गप्प वाचत होतो. आम्ही या पाण्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो, आमचंही ऐका.

भिऱ्याला वीज झाली की पाणी संपत नाही. ते कुंडलिका नदीत येतं. पॉवरहाऊसमधून बाहेर पडलेल्या पाण्यावर सरकारचं आणखी एक वीजघर आहे, ८० मेगावॅटचं. मग डोलवहाळचा बंधारा, तिथून कालवे निघतात रोहा-माणगावच्या शेतीला, धाटावची एमआयडीसी त्यावर चालते, गावांच्या नळयोजना त्यावर. उरलेलं रेवदंड्याला समुद्रात. तुम्ही पुण्यामुंबईचे लोक कोलाडला राफ्टिंगला येता ना, ऐन मे महिन्यात नदीला तेवढा जोर कुठून येतो असं कधी वाटलं नाही का? सकाळी वरून पाणी सोडतात म्हणून बोटी चालतात. आमची नदी पावसाळ्यानंतर खरं तर गुडघाभर, ती बारमाही झाली ती मुळशीमुळे. त्यामुळे "पाणी पुण्याला वळवा" असं कोणी म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. आमच्या तीन पिढ्या या पाण्यावर वाढल्यात, ते आता आमच्यासाठी "उलटं वळवलेलं पाणी" नाही, ती आमची नदी आहे.

कोयनेकाठची
कोयनेचंही हेच हो. तिथेही पाणी पश्चिमेला, पोफळीला, आणि तिथून वाशिष्ठीत, चिपळूणला. फक्त ते सरकारी आणि आकारानं कितीतरी मोठं, १९६० मेगावॅट. आमच्याकडच्या धरणग्रस्तांचे प्रश्न अजून मिटले नाहीत, कोणी ठाण्याला गेलं, कोणी सांगलीकडे, घरं फुटली. आणि वर १९६७ चा ११ डिसेंबरचा भूकंप. आई सांगते त्या पहाटे काय झालं ते...

ट्रान्सफॉर्मर
ताई, कोयनेवर वेगळा धागा काढाच, लेक टॅपिंगवर (भरलेल्या तलावाच्या पोटात खालून बोगदा फोडणं, १९९९ आणि २०१२, दोन्ही) मला भरपूर लिहायचंय. सेनापती बापट गेले ते २८ नोव्हेंबर १९६७ ला, म्हणजे कोयनेचा भूकंप त्यानंतर दोनच आठवड्यांनी. हे आत्ता जुळवताना लक्षात आलं. असो.

संपादक
अवांतर आवरा. कोयनेसाठी नवीन धागा.

हिंजवडीचा पाहुणा
मूळ प्रश्नाकडे येतो. समजा सरकारनं ठरवलं की मुळशीचं थोडं पाणी पुण्याकडे सोडायचं, तर काय अडचण आहे? पंप लागतील का? आणि विजेचं नुकसान किती?

ट्रान्सफॉर्मर
पंप अजिबात नको. मुळा नदी आहेच, दरवाजे उघडले की पाणी आपल्या पायांनी तुमच्याकडे येतं. पावसाळ्यात "मुळशीतून मुळा नदीत विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे" ही बातमी वाचताच की दरवर्षी. तलाव भरला की जास्तीचं तुमच्याकडेच येतं, पण तेव्हा तुम्हाला त्याची गरज नसते, उलट भीती असते.

आकडे सांगतो. मुळशीत सुमारे २० टीएमसी मावतं. तुलनेसाठी, पुणं पितं ती खडकवासला साखळी चारही धरणं मिळून २९, पिंपरी-चिंचवडचं पवना साडेआठ. १ टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. वरच्या हिशेबानं १ टीएमसी पूर्वेला सोडलं की भिऱ्याची तीन-सव्वातीन कोटी युनिट वीज गेली.

आता हेच तुमच्या सोसायटीच्या भाषेत. दहा हजार लिटरच्या एका टँकरमधे जेवढं पाणी असतं तेवढ्यातून भिऱ्याला होते दहा-अकरा युनिट वीज. तुमच्या महिन्याच्या विजेच्या बिलावर युनिटचा दर बघा, त्याला अकरानं गुणा, आणि मग टँकरवाल्याला किती देता ते आठवा.

हिंजवडीचा पाहुणा
😳 बघितलं. टँकर कितीतरी पट महाग पडतो. म्हणजे पाण्यातून वीज काढून शंभर-दीडशे रुपयांची होते आणि तेच पाणी मी दीड-दोन हजाराला घेतोय??

ट्रान्सफॉर्मर
हो, पण लगेच निष्कर्ष काढू नका. एक, टँकरच्या दरात डिझेल, ड्रायव्हर, उपसा आणि मधल्यांचा नफा आहे, नुसती पाण्याची किंमत नाही. दोन, नदीत सोडलेलं पाणी तुमच्या नळात यायला बंधारा, शुद्धीकरण, पाइपलाइन सगळं लागतं. तीन, ही वीज साधी वीज नाही. संध्याकाळी सात वाजता मुंबईची मागणी चढते तेव्हा औष्णिक संच पटकन वर येत नाही, सोलर तर झोपलेलं असतं, पाण्यावरचा संच काही मिनिटांत पूर्ण भार घेतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली होती आठवतं? तेव्हा पुरवठा परत उभा करायला ही घाटातली तीन केंद्रं कामाला आली. शंभर वर्षांची म्हातारी यंत्रणा म्हणून तिला नावं ठेवू नका.

चार, कायदा. कृष्णा पाणीवाटप लवादानं टाटांच्या या सगळ्या धरणांना मिळून पश्चिमेला किती वळवायचं त्याची मर्यादा घातलीय, पाच वर्षांत २१२ टीएमसी, म्हणजे वर्षाला सरासरी ४२ च्या जरा वर.

जय महाराष्ट्र ७७
४२ टीएमसी!! म्हणजे जवळजवळ दीड खडकवासला साखळी दरवर्षी समुद्रात सोडून देतो आपण?? आणि सोलापूर-धाराशिव तहानलेलं??

कुंडलिकाकाठ
समुद्रात सोडून देत नाही हो, वर लिहिलं ना. मधे आम्ही राहतो.

जय महाराष्ट्र ७७
कोकणात पाऊस काय कमी पडतो? तीन-तीन हजार मिलिमीटर!

कुंडलिकाकाठ
पडतो, चार महिने. आणि वाहून जातो. उरलेले आठ महिने कोकणात पाण्याचे हंडे कोण वाहतं ते या एकदा बघायला. जास्त पाऊस म्हणजे जास्त पाणी असं नसतं, साठवायला जागा लागते. आमची साठवायची जागा घाटावर आहे, नशीब आमचं. तुटीच्या वर्षात थोडं पाणी भीमेकडे सोडायला माझी वैयक्तिक ना नाही, पण आधी आमच्या कालव्याचं नि नळयोजनांचं काय करणार ते लिहून द्या, मग दरवाजे उघडा. नाहीतर १९२१ ला मुळशीत जे केलं तेच २०२० नंतर रोह्यात केल्यासारखं होईल, फक्त यावेळी बुडवून नाही, सुकवून.

गिरणगाव
+१. शेवटच्या वाक्याला तर दहा वेळा +१.

मुळशीकर
तुमचं पुणं, रोहा, सोलापूर, मुंबई असं चौकोनी भांडण चाललंय त्यात धरणाच्या काठावरची गावं कुणाच्याच यादीत नाहीत बघा. जमिनी गेल्यावर कुणी मुंबईला गिरणीत गेलं (आमचे चुलतपणजोबा परळला जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, होते; म्हणजे जमीन गेली त्याच विजेवर चालणारे माग!), आणि बाकीचे आहेत तिथेच वर सरकले, डोंगराच्या कडेला. त्या वाड्या अजून आहेत. एप्रिल-मेमधे तलाव खाली जातो, काळा गाळ फुटतो, जुनी जोती उघडी पडतात. आणि वर वस्तीतली विहीर तळाला गेलेली असते, बाया हंडे घेऊन उतारावरून खाली उतरतात. पाणी समोर दिसतं, पण ते आहे दोनशे-तीनशे फूट खाली. ट्रान्सफॉर्मर काका, तुम्ही सगळ्यांचे हिशेब केलेत, आमचा एक करा. काठावरच्या सगळ्या वाड्यांना वर्षभर प्यायचं पाणी द्यायचं तर तुमच्या त्या टीएमसीमधे किती होतं?

ट्रान्सफॉर्मर
करतो. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. एक गाव ५०० वस्तीचं धरा, म्हणजे रोज साडेसत्तावीस हजार लिटर, वर्षाला दहा हजार घनमीटर. अशी ५० गावं धरली, म्हणजे बुडाली तेवढीच जवळजवळ, तर पाच लाख घनमीटर. टीएमसीत ०.०१८. गुरंढोरं नि गळती धरून दुप्पट करा, तरी ०.०४ होत नाही. मुळशीच्या २० मधले.

आता उचलायचा खर्च. तीनशे फूट म्हणजे नव्वद मीटर, साध्या पंपानं घनमीटरला अर्धा युनिट पुरे. पाच लाख घनमीटरला अडीच लाख युनिट वर्षाला. भिऱ्याचं जुनं पॉवरहाऊस पूर्ण ताकदीनं चाललं तर एवढी वीज दोन तासांच्या आत होते.

कुंडलिकाकाठ
याला आमची शून्य हरकत. उलट सगळ्यात आधी हेच व्हायला पाहिजे, पुणं-सोलापूर नंतर बघू.

हिंजवडीचा पाहुणा
खरंय. आमच्या टँकरपेक्षा यांचा नंबर आधी लागायला हवा.

मुळशीकर
काका, हे सगळं एका पानावर लिहून पाठवाल का? टीएमसी-बिएमसी नको, लिटर आणि युनिट, तुमची ती टाकी पण राहू द्या. आमच्याकडे पुढच्या ग्रामसभेत ठेवतो, पाणीपुरवठ्याचे साहेब येणार आहेत.

ट्रान्सफॉर्मर
पाठवतो. वाड्यांची नावं, प्रत्येकीची लोकसंख्या आणि तलावापासूनची अंदाजे उंची तेवढी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाडीगणिक तक्ता करून देतो. मे महिन्यातली पाण्याची पातळी धरून करा म्हणजे साहेबांना फाटे फोडता येणार नाहीत.